आधी आजारी मजला बघा

पुण्यात साठीनंतर राहायच्या जागा ढोबळमानानं तीन प्रकारच्या दिसतात. एक, नवी पेठेतल्या ‘निवारा’सारख्या धर्मादाय संस्था, ‘निवारा’चं मूळ तर थेट १८६३ सालापर्यंत, डेव्हिड ससून यांच्या दानापर्यंत जातं. दुसरा प्रकार परांजप्यांच्या ‘अथश्री’सारख्या, खास ज्येष्ठांसाठी बांधलेल्या गृहप्रकल्पांचा. तिसरा, अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करणाऱ्या केंद्रांचा. त्यांतली बरीचशी बंगल्यांतून चालतात. आम्हाला हवं होतं ते तिन्ही एकाच आवारात. आज स्वतःचं स्वयंपाकघर असलेलं घर, पुढे मदतीला माणूस, त्याही पुढे चोवीस तासांची शुश्रूषा, आणि दर टप्प्याला सामान बांधून नव्या पत्त्यावर जायची वेळ येऊ नये.

यांना पार्किन्सन्स आहे. मुलगी कॅनडात, मुलगा बंगळूरला. बावधन, भूगाव, पिरंगुट हा पट्टा आम्ही पालथा घातला आणि आता तिथेच राहतो. हा विचार ज्यांच्या घरात सुरू आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. आधी आजारी मजला बघा. कुठेही गेलात तरी दाखवायला येणारा माणूस ग्रंथालय, गच्चीवरची बाग, योगवर्गाची खोली आणि सजवलेला नमुना फ्लॅट दाखवतो. त्या सगळ्याचा उपयोग आपण चालतेफिरते असेपर्यंत. म्हणून मी पहिल्यांदा विचारायला लागले, ‘अंथरुणावरचे लोक कुठे असतात? ते दाखवा.’ संसर्गाचं कारण सांगून आत सोडलं नाही तर ते योग्यच आहे, पण दारातून तरी बघू द्या म्हणावं. तिथे उभं राहून काय बघायचं? लघवीचा वास येतो का. माणसांची नखं कापलेली आहेत का. पाण्याचं भांडं हाताला येईल असं ठेवलंय की खिडकीत. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद कुठे लिहिली जाते. कूस वेळेवर बदलली नाही तर पाठीला जखमा होऊ शकतात. आणि उशाची घंटा दाबली की कोण, किती वेळानं येतं. सकाळी अकराला सगळीकडे लगबग असते. रात्री आठनंतर जा. रात्रपाळीला किती मावशी आहेत, हे तेव्हाच कळतं.

२. ‘चोवीस तास नर्सिंग’ म्हणजे नेमकं काय, ते खोदून विचारा. एका ठिकाणी त्याचा अर्थ प्रशिक्षित नर्स असा होता, दुसऱ्या ठिकाणी ब्यूरोकडून आलेली मावशी. मावशींबद्दल मला मनापासून आदर आहे. सगळं काम त्याच उचलतात. पण इन्सुलिन, कॅथेटर, नाकातल्या नळीतून खाणं ही कामं शिकलेल्या हातांची आहेत.

आमचा निर्णय मात्र एका गोळीवर झाला. पार्किन्सन्सची लेव्होडोपाची गोळी वेळच्या वेळी लागते, आणि शक्यतो जेवणाच्या अर्धा तास आधी. डाळ, दूध, पनीर यांतली प्रथिनं तिच्या शोषणाच्या आड येऊ शकतात. गोळीला उशीर झाला की पाय जमिनीला चिकटतात, उठता येत नाही, घास गिळायला त्रास होतो. बहुतेक संस्थांत औषधांची फेरी नाश्ता, जेवण आणि रात्रीचं जेवण झाल्यावर असते. म्हणजे सगळ्यांच्या गोळ्या संस्थेच्या सोयीच्या वेळी. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात इतरांचे अनुभव ऐकल्यावर मी प्रत्येक ठिकाणी एकच विचारायचे, ‘सकाळी सहा, दहा, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा, या वेळा तुम्ही पाळाल का?’ एका चकचकीत ठिकाणच्या व्यवस्थापकांनी सांगितलं, ‘मॅडम, आमची एक सिस्टिम आहे.’ आम्ही चहा घेऊन निघालो. आता राहतो तिथल्या सिस्टरांनी वही काढून वेळा लिहून घेतल्या आणि वर विचारलं, ‘रात्री कूस बदलायला त्रास होतो का?’ ज्या बाईला हा प्रश्न सुचतो, तिनं असे रुग्ण सांभाळलेले असतात. तुमच्या घरातला आजार वेगळा असेल. त्यातला एक बारकावा निवडा आणि तोच सगळीकडे विचारा.

३. दोघांपैकी एकच आजारी पडला तर काय, हे जोडप्यांनी सर्वांत आधी विचारावं. माहितीपत्रकातले आजी-आजोबा कायम दोघंही धडधाकट असतात. प्रत्यक्षात एकाला शुश्रूषा कक्षात जावं लागतं आणि दुसरा फ्लॅटमध्ये उरतो. तेव्हा दोन्हीकडचे पैसे भरायचे का? तो कक्ष त्याच आवारात आहे, की संस्थेच्या दुसऱ्या शाखेत? आमच्या शोधात भेटलेल्या एका बाईंच्या यजमानांना संस्थेनं शहराच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रात हलवलं होतं. त्या रोज दुपारी रिक्षानं जायच्या. गुडघ्यांनी नकार दिल्यावर दिवसाआड, मग फक्त रविवारी. ‘बावन्न वर्षं एका ताटात जेवलो हो,’ एवढंच त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मी कागद घेऊन अंतर बघायला लागले. फ्लॅटच्या दारापासून शुश्रूषा कक्षाच्या दारापर्यंत वॉकर घेऊन जाता येतं का? मध्ये पायऱ्या आहेत का, पावसात भिजावं लागतं का? मला यांच्यासोबत तिथे जेवता येईल का? रात्री खुर्ची टाकून बसता येईल का, की सात वाजता ‘भेटीची वेळ संपली’ म्हणून उठवतील? नवऱ्याच्या उशाशी बसायला बायकोला परवानगी लागत असेल, तर ती जागा मी पसंत करणार नाही, मग तिथे काहीही असो.

४. करार दोन असतात. एक घराचा, दुसरा सेवेचा. घराच्या बाबतीत आता थोडा आधार आहे. महारेरानं २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष घालून दिले: व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, किमान ९०० मिलिमीटर रुंदीची दारं, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, न्हाणीघरात धरायला दांड्या आणि न घसरणारी फरशी. टेप घेऊन जा आणि मोजा. कोणी हसलं तर हसू द्या. पण रात्री दोनला सिस्टर येईल की नाही, हे घराच्या करारात नसतं. ते सेवेच्या करारात बघावं लागतं, आणि तो बऱ्याचदा दोन पानी असतो. शुल्क दरवर्षी किती वाढेल, अंथरुणाला खिळल्यावर किती होईल आणि कोणत्या कारणानं तुम्हाला ‘दुसरी सोय बघा’ म्हणता येईल, ही तीन कलमं शोधा. नसतील तर लिहून घ्या.

त्यातही स्मृतिभ्रंशाबद्दल स्पष्ट विचारा. माणूस विसरायला लागला, रात्री भटकायला लागला की अनेक ठिकाणी घरच्यांना फोन जातो. ‘तेव्हा बघू’ हे उत्तर म्हणजे नकार समजावा.

५. वैद्यकीय विमा इथे कामाला येत नाही. आपली पॉलिसी आणि सत्तरीपुढच्यांसाठी २०२४ पासून मिळणारं आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण हे इस्पितळातल्या उपचारांसाठी आहे. महिनोन्महिने चालणारी शुश्रूषा खिशातूनच. शुल्क दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढलं तर सात-आठ वर्षांत दुप्पट होतं, आणि पेन्शन त्या वेगानं वाढत नाही. मालकीचा फ्लॅट असेल तर तो पुढे कोणाला विकता येईल, वारसांना वयाची अट लागू होईल का, हे विचारा. डिपॉझिट असेल तर किती महिन्यांत आणि किती कापून परत मिळेल? जीएसटीही धरा. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमात दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या शुल्कावर तो माफ आहे. खासगी ठिकाणी हिशेब वेगळा.

६. अंतर मिनिटांत मोजा, आणि रविवारी संध्याकाळी मोजा. चांदणी चौकातले नवे पूल २०२३ मध्ये खुले झाले आणि तिथली कोंडी बरीच सुटली. पण मुळशी-लवासाहून परतणाऱ्या गाड्या भूगाव-भुकूमच्या गावातल्या अरुंद रस्त्यावर येतात, तेव्हा १०८ची रुग्णवाहिकाही त्याच रांगेत असते. जवळच्या, अतिदक्षता विभाग असलेल्या इस्पितळापर्यंत स्वतः गाडीनं जाऊन बघा. पिरंगुटच्या पुढे हिरवाई वाढते तसा पाऊसही वाढतो. दमेकऱ्यांनी तिथली जागा जुलैत बघावी. भिंतीची ओल तेव्हाच दिसते. ऑक्सिजनचं यंत्र आणि हवेची गादी विजेवर चालतात, म्हणून जनरेटर फक्त लिफ्टला आहे की खोल्यांनाही, हे विचारा.

७. जेवून बघा. बोलावलेल्या दिवशी नको, न कळवता जा. गिळायला त्रास असणाऱ्यांना मऊ जेवण वेगळं करतात, की त्याच भाजीत पाणी घालतात, ते बघा.

८. मृत्यूबद्दल विचारायला संकोच करू नका. हा प्रश्न मी विचारला तेव्हा यांनी माझा हात धरला, पण थांबवलं नाही. रात्री कोणी गेलं तर डॉक्टर येऊन दाखला देतात का? मुलं परदेशातून येईपर्यंत देह कुठे ठेवायचा? मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे, एकवीस दिवसांत करायची असते. ग्रामपंचायतीच्या हद्दीत असाल तर पुणे महापालिकेत जाऊन उपयोग नाही. व्हेंटिलेटर नको असेल तर तसं वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल) करून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. आमच्या इच्छापत्रांच्या प्रती सिस्टरांच्या फायलीत आहेत. ज्या संस्थेनं या सगळ्याची उत्तरं न अडखळता दिली, तिच्यावर माझा विश्वास बसला.

९. जुनं घर लगेच विकू नका. वर्षभर भाड्यानं द्या किंवा बंद ठेवा. मुलांच्या नावावर करायचंच असेल तर बक्षीसपत्रात सांभाळ करण्याची अट लिहा. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, अशी अट पाळली नाही तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेण्याची सोय आहे.

१०. दोघंही चालत असताना जा. पडल्यावर, फ्रॅक्चर झाल्यावर, इस्पितळातून थेट आणलेला माणूस नव्या जागेत फार एकटा पडतो. त्याला कट्ट्यावरची माणसं कधी भेटलेलीच नसतात आणि तिथल्या माणसांनीही त्याला आधी पाहिलेलं नसतं. हे अजून काठी घेऊन खाली उतरायचे तेव्हा आम्ही इथे आलो. आज यांना व्हीलचेअर लागते, पण शेजारचे काका रोज संध्याकाळी येऊन बुद्धिबळाचा पट मांडतात, कारण त्यांची मैत्री त्याआधीची आहे.

तेव्हा ‘अजून वेळ आहे’ म्हणू नका. टेप, औषधांच्या वेळांचा कागद आणि प्रश्नांची यादी घ्या, आणि दोघंही मिळून बघायला जा.