महागडा ग्राइंडर खरंच जास्त टिकतो का?

प्रश्न : कुपवाडला माझं गेट-ग्रिलचं छोटं दुकान आहे. दोन वर्षांत तीन स्वस्त ग्राइंडर जळाले. आता तिप्पट किमतीचा, नावाजलेल्या कंपनीचा घ्यावा म्हणतो. साताऱ्याला सुतारकाम करणारे माझे मेहुणे म्हणतात, जादा पैसे नुसत्या नावाचे असतात. खरं काय?

उत्तर : तुम्ही महागडा घ्यावा हे बरोबर, आणि मेहुण्यांनी ड्रिल स्वस्तातला घेतला तर तेही बरोबर. फरक कामाचा आहे. त्यांचा ड्रिल दोन मिनिटं चालतो आणि बाजूला पडतो, तेवढ्यात तो निवतो. तुमचा ग्राइंडर तासन्‌तास चालतो.

या यंत्रांचा खरा शत्रू उष्णता. आत थंडाव्यासाठी पंखा असतो, पण तो मोटरच्याच दांड्यावर बसवलेला असतो. ग्राइंडर जोरानं दाबला की फेरे कमी होतात, वारा कमी होतो, आणि नेमकी त्याच वेळी मोटर जास्त करंट ओढते. आर्मेचरच्या तारेवरचं इन्सुलेशन करपतं आणि मशीन जळतं. त्यात लोखंडाची भुकटी वाऱ्याबरोबर आत शिरते आणि बेअरिंग, वाइंडिंग दोन्ही कुरतडते.

चांगल्या महाग यंत्रात जादा पैसे जातात ते इथंच. बेअरिंग धूळबंद असतात, वाइंडिंगला जास्त संरक्षण असतं, काहींत भार वाढला की मोटर थांबवणारी सोय असते. काहींचा कार्बन ब्रश झिजून संपत आला की यंत्र आपोआप बंद पडतं आणि आर्मेचर वाचतं. पण व्होल्टेज उतरलेलं असेल किंवा लांब, बारीक वायरीच्या बोर्डावरून काम चालत असेल, तर महागडं यंत्रही मंदावतं. आपण ते आणखी दाबतो आणि तेही जळतं.

महागडं यंत्र घ्यावं का, हा प्रश्न आपल्या मातीला नवा नाही. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होईल अशी भीती शेतकऱ्यांना होती. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर त्यांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी वसली. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून द्यायचा. लोखंडी नांगराचा बिडाचा भाग मोडला तर गावच्या भात्यावर तो सांधता येत नसे. शेतकऱ्याची शंका निव्वळ अडाणीपणाची नव्हती. मोडल्यावर कोण उभा राहणार, हे तो विचारत होता.

तुम्हीही तेच विचारा. कार्बन, आर्मेचर, गिअर, स्विच सांगली-मिरजेत मिळतात का? दुरुस्ती किती दिवसांत होते? सुटा भाग मिळत नसेल, तर महागडं यंत्र एका बिघाडानंतर फळीवरच बसतं. मग हिशेब करा : ग्राइंडर बंद पडला की दोन माणसांची दिवसभराची मजुरी आणि गिऱ्हाइकाला दिलेली तारीख, दोन्ही जातात. किमतीतला फरक अशा दोन-तीन दिवसांत भरून निघत असेल तर महागडाच स्वस्त पडतो.

कोणताही घ्या, पण गार्ड काढू नका. मिनिटाला ११,००० फेऱ्यांवर १०० मिलिमीटरच्या चकतीची कड ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगानं फिरते. चकतीवर छापलेली फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कमी नको. जड काम झालं की मिनिटभर ग्राइंडर मोकळा चालवा, मगच बंद करा.

आणि खरेदीआधी एक करा. जळालेले तिन्ही ग्राइंडर वाइंडिंगवाल्यासमोर उघडा. आर्मेचर काळं पडलं असेल तर भार जास्त झाला, तिथं मोठ्या ताकदीचं यंत्र हवं. बेअरिंग खडखडत असेल तर धूळ गेली. आणि नुसता कार्बनच संपलेला निघाला, तर थोडक्या पैशांत तो ग्राइंडर पुन्हा कामाला लागेल.