पाडव्याला भाव वाढवला, तरी खप वाढला

प्रश्न : मी घरी श्रीखंड करून विकते. दर आठवड्याचा भाव आणि खप वहीत लिहून ठेवते. एम.बी.ए. करणाऱ्या भाचीने त्यावरून मागणीचं समीकरण मांडलं, तर ‘भाव वाढला की खप वाढतो’ असं उत्तर आलं! मग येत्या पाडव्याला किती दही बांधायचं, याचा अंदाज या समीकरणावरून कसा काढू?
— एक उद्योजिका, सांगली

उत्तर : ताई, तुमची वही चोख आहे, भाचीची आकडेमोडही बरोबर असणार. राहिलं ते एवढंच, की समीकरणात सण आला नाही. तुम्ही भाव वाढवता तो पाडव्याला नि दसऱ्याला, म्हणजे गिऱ्हाईक दारात उभं असताना. खप वाढवतो सण. पण वहीत सणाचा रकानाच नाही, म्हणून सगळं श्रेय भावाच्या नावावर जमा होतं.

इथे भलेभले अडखळलेत. कोलंबिया विद्यापीठातले हेन्री मूर यांनी १९१४ साली पिग आयर्नचे, म्हणजे झोतभट्टीतून निघणाऱ्या कच्च्या लोखंडाचे, आकडे तपासून हाच निष्कर्ष काढला होता. खरं तर तेजीत कारखान्यांना लोखंड जास्त लागायचं आणि म्हणूनच भाव चढायचा.

तेव्हा वहीत एक रकाना वाढवा : सणाचा आठवडा असेल तर १, नसेल तर ०. मग समीकरण असं काहीसं दिसेल (आकडे केवळ समजण्यापुरते) :

खप = १३० − ०.२ × भाव + १५० × सण

एरवीच्या आठवड्यात ४०० रुपये भावाला ५० किलो जातं. पाडव्याला ४५० भाव लावला तर १९० किलो. वही म्हणते, भाव वाढला नि खपही वाढला. पण पाडव्याला भाव ४०० च ठेवला असता तर २०० किलो गेलं असतं! म्हणजे भाववाढीने १० किलो गिऱ्हाईक खरोखर तुटलं. तरीही गल्ल्यात ८०,००० ऐवजी ८५,५०० आले. हीच भाववाढ एरवीच्या आठवड्यात केलीत, तर खप ४० किलोवर येईल आणि २०,००० चे १८,००० होतील. मला या समीकरणाचं मोल वाटतं ते इथे. किती दही बांधायचं हे तर ते सांगतंच, शिवाय भाव कधी वाढवावा आणि कधी हात आवरावा, हेही दाखवतं.

आणखी एक. पाडवा तिथीने येतो. २०२४ साली तो ९ एप्रिलला होता, २०२५ साली ३० मार्चला. त्यामुळे ‘गेल्या मार्चमध्ये एवढं गेलं, या मार्चमध्येही एवढंच जाईल’ हा हिशेब फसणारच. खप तारखेला नव्हे, तिथीला बांधा.

आता ते ०.२ कुठून आणायचं? भाव फक्त सणालाच हलत असेल, तर सणाचा परिणाम कुठे संपतो नि भावाचा कुठे सुरू होतो, हे कुठलंही समीकरण सांगू शकणार नाही. फिलिप राइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२८ साली यावर तोड सुचवली : मागणीला धक्का न लावता भाव हलवणारी गोष्ट शोधा. अळशीसाठी त्याने एकरी उतारा घेतला. पीक कमी आलं की अळशी महागते, पण घेणाऱ्याची गरज आहे तेवढीच राहते. तुमच्याकडे दूध आहे. दुधाचा दर वाढल्यामुळे साध्या आठवड्यात भाव वाढवावा लागला, तर त्या आठवड्याचा खप फार मोलाचा. म्हणून भाव बदलाल त्या दिवशी वहीत शेजारी कारणही लिहा : ‘दूध महागलं’ की ‘सण’. मागच्या नोंदींतही आठवतील तेवढी कारणं भरून घ्या आणि मग ती वही भाचीकडे द्या.