शाळकरी मुलांचे शय्यामूत्र : शिक्षा नको, तपासणी हवी

नागपूर जिल्ह्याच्या उत्तरेस, पेंच नदीच्या खोऱ्यात आणि वनांच्या सान्निध्यात पारशिवनी तालुका वसलेला आहे. अशा वनालगतच्या भागातील अनेक मुले शिक्षणासाठी आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात राहतात. झोपेत अंथरूण ओले करणाऱ्या मुलाची खरी परीक्षा तेथेच होते. घरी ओली गोधडी आई गुपचूप वाळत घालते. वसतिगृहात मात्र ती सर्वांच्या दृष्टीस पडते. मग चिडवणे, रागावणे आणि कधीकधी शिक्षाही वाट्यास येते. अखेर मुलाला शाळाच नकोशी होते.

वयाची पाच वर्षे पूर्ण झाल्यावरही मूल झोपेत वारंवार लघवी करीत असेल, तर त्यास शय्यामूत्र म्हणतात. पाचव्या वर्षी सुमारे १५ टक्के मुलांत, तर सातव्या वर्षी ५ ते १० टक्के मुलांत हा त्रास आढळतो. मुलींपेक्षा मुलग्यांत त्याचे प्रमाण अधिक असते. दरवर्षी अशा मुलांपैकी सुमारे १५ टक्के मुले आपोआप बरी होतात.

मूल आळशी किंवा हट्टी असल्यामुळे हे घडत नाही. मूत्राशय भरल्याची जाणीव होऊनही गाढ झोप मोडत नाही. रात्री लघवीचे प्रमाण कमी राखणारे संप्रेरक काही मुलांत पुरेसे स्रवत नाही. काहींच्या मूत्राशयात पुरेशी लघवी मावत नाही. बद्धकोष्ठतेमुळेही मूत्राशयावर दाब येतो. आईवडिलांपैकी कोणास लहानपणी हा त्रास असेल, तर मुलास तो होण्याचा संभव वाढतो.

विदर्भात आणखी एका कारणाचा विचार अगत्याचा आहे. ते कारण म्हणजे सिकलसेल. मध्य भारतातील या विकारासंबंधी नागपूरच्या डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांचा अहवाल १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात व मूत्रपिंडातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे लघवी घट्ट करण्याची मूत्रपिंडाची शक्ती क्षीण होते. लघवी पातळ व पुष्कळ होते आणि रात्री अंथरूण भिजते.

येथेच एक गंभीर चूक घडू शकते. अंथरूण भिजू नये म्हणून मुलाचे पाणी तोडले जाते. सिकलसेलग्रस्त मुलाच्या शरीरातील पाणी कमी झाल्यास हातापायांत व पोटात तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणून ज्या मुलास वारंवार अंगदुखी, कावीळ किंवा रक्तक्षय होतो, अथवा ज्याच्या कुटुंबात सिकलसेल आहे, त्याची सोल्युबिलिटी चाचणी करून घ्यावी. ती सदोष आल्यास पुढील तपासणीने निदान निश्चित होते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी अंतर्भूत आहे.

इतर मुलांच्या बाबतीत साधे उपाय उपयोगी पडतात. दिवसा भरपूर पाणी द्यावे. सायंकाळी चहा टाळावा व झोपण्यापूर्वी लघवीस पाठवावे. शौचालयाच्या वाटेवर रात्री दिवा असावा, कारण अंधाराच्या भीतीने मूल उठत नाही. कोरड्या रात्रीचे कौतुक करावे. ओल्या रात्रीबद्दल बोल लावू नये. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी जादा चादर व रबरी कापड द्यावे आणि ते बदलण्याची सोय इतरांच्या नजरेआड करावी. एवढ्याने न भागल्यास ओलावा लागताच वाजणारी घंटा किंवा औषध यांचा उपयोग होतो; परंतु तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.

सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, दिवसाही कपडे भिजू लागले, लघवीस जळजळ होऊ लागली किंवा तहान वाढून वजन घटू लागले, तर विलंब न करता ग्रामीण रुग्णालयात जावे. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मधुमेह किंवा मनावरील ताण यांपैकी काहीही त्यामागे असू शकते.

ओले अंथरूण उन्हात वाळते. मुलाच्या मनावर बसलेला अपमानाचा डाग मात्र सहज जात नाही. तो लागू न देणे पालक व शिक्षक यांच्याच हाती आहे.