टोपणामागचे पाणी : निवासी ट्रेलरच्या मलवाहिनीविषयी अनुभवाचे बोल

मोटारीमागे जोडून ओढत नेता येणाऱ्या निवासी ट्रेलरमधून अमेरिका व कॅनडात प्रवास करणाऱ्यांच्या अनुभवात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते, ती अशी की, टाकी रिकामी झाली म्हणजे वाहिनीही कोरडी झाली, असे गृहीत धरले जाते आणि याच समजुतीतून पुढच्या मुक्कामी मैलापाणी अंगावर सांडण्याचा प्रसंग ओढवतो. टाकीची झडप आणि वाहिनीच्या तोंडावरचे टोपण यांच्यामध्ये जी आखूड नळी असते, तिच्यात पाणी मागे राहू शकते. ते बाहेरून दिसत नाही, कोणताही निर्देशक त्याची सूचना देत नाही आणि टोपण फिरवेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. हे पाणी तेथे का उरते, ते कसे ओळखावे आणि त्याचा निचरा कसा करावा, हे ट्रेलर वापरणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या प्रवासापूर्वीच समजून घेतले पाहिजे.

अशा ट्रेलरमध्ये साधारणतः तीन टाक्या असतात. पहिली पिण्याच्या पाण्याची. दुसरी मोरी, बेसिन व स्नानगृह यांतील सांडपाण्याची, जिला तेथे ‘ग्रे टँक’ म्हणतात. आणि तिसरी शौचकूपाखालची मैलापाण्याची, म्हणजेच ‘ब्लॅक टँक’. मैलाटाकीची निकासनळी बहुधा ३ इंच व्यासाची, तर सांडपाण्याच्या टाकीची नळी बहुधा दीड इंच व्यासाची असून प्रत्येकीवर सरकत्या पात्याची स्वतंत्र झडप बसवलेली असते. या दोन्ही नळ्या झडपांच्या पुढे एकत्र येतात आणि ट्रेलरच्या कडेला एकाच तोंडाने बाहेर पडतात. त्या तोंडावर खाचांत अडकवून किंचित फिरवले की बसणारे टोपण असते, आणि ते काढून तेथेच निकासाचा लवचिक पाइप जोडला जातो. ३ इंच व्यासाच्या नळीत फुटामागे सुमारे १.४ लिटर पाणी मावते, हे ध्यानात घेतले, तर झडप व टोपण यांच्यामधली दोन फुटांची नळी भरलेली असताना टोपण काढल्यास किती पाणी बाहेर येईल, याचा अंदाज सहज बांधता येतो.

पाणी उरण्याची कारणे मुख्यतः तीन आहेत. पहिले कारण उताराचे आहे. घरगुती बांधकामात मलवाहिनीला फुटामागे पाव इंच उतार देण्याची पद्धत आहे. परंतु ट्रेलर प्रत्येक मुक्कामी वेगळ्या जमिनीवर उभा राहत असल्याने त्याच्या पोटाखालील नळीचा उतार कधी पुरेसा राहतो, तर कधी नाहीसा होतो, आणि ट्रेलर निकासाच्या विरुद्ध बाजूला कललेला असला की नळीच्या खोलगट भागात थोडे पाणी साचून राहते. दुसरे कारण घाईचे आहे. प्रवाह मंदावला म्हणजे संपला असे मानून झडप बंद केली जाते, परंतु कडेकोपऱ्यांतून व वळणांतून येणारे शेवटचे पाणी काही वेळाने उतरते. तिसरे आणि सर्वांत त्रासदायक कारण म्हणजे गळकी झडप, कारण तिच्यातून पाणी झिरपत राहते आणि दोन मुक्कामांच्या दरम्यान नळी पुन्हा भरते.

झडप का गळते, हे तिची रचना जवळून पाहिल्यावर कळते. तिचे पातळ पाते दोन रबरी सीलांच्या मध्ये वर-खाली सरकते आणि पूर्ण बंद झाल्यावर त्याची कड समोरच्या अरुंद खाचेत जाऊन बसते. त्या खाचेत भिजलेल्या कागदाचा एखादा लगदा किंवा वाळलेल्या मळाचा बारीकसा थर अडकला, तर पाते केसभर अलीकडेच थांबते. झडप उघडण्या-मिटण्याचा दांडा हाताला पूर्ण आत गेल्यासारखा वाटतो, परंतु फट राहून गेलेली असते. ज्या ट्रेलरमध्ये झडप आतल्या बाजूला असून तिचे पाते दांड्याला लांब तारेने जोडलेले असते, तेथे ही फसगत अधिक होते, कारण तार सैल पडली किंवा वाकली, तर दांडा पुरता ढकलला तरी पाते पुरते सरकत नाही. याखेरीज काही ट्रेलरमध्ये स्वयंपाकघराच्या सांडपाण्याची वेगळी टाकी व वेगळी झडप असते. ती उघडायची अथवा बंद करायची राहून गेल्यास दोष नसलेल्या झडपेवर दोष ढकलला जातो.

म्हणून दुरुस्तीपूर्वी निदान करावे. दोन्ही टाक्या रिकाम्या करून व धुऊन झडपा बंद कराव्यात, टोपण लावावे आणि मग केवळ सांडपाण्याच्या टाकीत स्वच्छ पाणी सोडून काही तास थांबावे. त्यानंतर खाली बादली ठेवून टोपण सावकाश सैल करावे. पेलाभर पाणी निघाल्यास ते बहुधा नळीतले शिल्लक पाणी असते. परंतु जितका अधिक वेळ थांबावे तितके अधिक पाणी निघत असेल, तर सांडपाण्याची झडप गळत आहे असे समजावे. ती निर्दोष ठरल्यास त्याच रीतीने मैलाटाकीची परीक्षा करावी. पाण्याचा रंग व वास यांवरूनही उगम बराचसा कळतो. साबणाचा फेस व तेलकट तवंग सांडपाण्याची, तर गडद रंग व कागदाचे कण मैलाटाकीची साक्ष देतात.

निदान काहीही असो, निकासाचा क्रम मात्र एकच पाळावा, कारण या कामातील बहुतेक अपघात क्रम चुकल्याने होतात. प्रथम जाड रबरी हातमोजे घालावेत. टोपणाखाली बादली ठेवूनच टोपण थोडेसे फिरवावे आणि कडेने पाणी झिरपू लागल्यास ते थांबेपर्यंत टोपण पूर्ण काढू नये. टोपणामागे पाणी आहेच, असे धरून चालणे हा या कामातील पहिला नियम होय. नंतर पाइपाचे एक टोक ट्रेलरला व दुसरे टोक जमिनीतील मलनिकास तोंडाला घट्ट बसवून, त्याला सलग उतार मिळेल अशा आधारावर तो मांडावा. मग मैलाटाकीची झडप पूर्ण उघडावी, प्रवाह थांबल्यावरही काही मिनिटे वाट पाहावी, टाकी धुऊन घ्यावी आणि झडप बंद केल्यावरच सांडपाण्याची झडप उघडावी. हा क्रम ठेवण्याचे कारण असे की, साबणयुक्त सांडपाणी मागून आल्याने समाईक नळी व पाइप दोन्ही धुऊन निघतात. दोन्ही झडपा एकाच वेळी उघडल्या आणि पुढे पाइप तुंबलेला असला, तर मैलापाणी सांडपाण्याच्या टाकीत शिरते आणि ती पुरेशी भरलेली असल्यास स्नानगृहाच्या मोरीतूनही वर येऊ शकते.

निकास संपल्यावर पाइप ट्रेलरच्या बाजूने सोडवावा, ते टोक उंच धरावे आणि निकास तोंडाच्या दिशेने हात पुढे पुढे सरकवत पाइप टप्प्याटप्प्याने उचलत न्यावा, म्हणजे त्याच्या वळ्यांत अडकलेले पाणी मलनिकासात उतरते. दुसरे टोक मात्र अखेरपर्यंत जागेवरून हलवू नये. ट्रेलरच्या तोंडाशी पारदर्शक एल्बो, म्हणजे ज्यातून प्रवाह दिसतो असे वळणाचे जोडसाधन, बसवल्यास पाणी गढूळ आहे की स्वच्छ आणि प्रवाह थांबला की नाही, हे डोळ्यांना दिसते. या कामासाठी वापरलेली धुण्याची नळी पिण्याच्या पाण्यासाठी कदापि वापरू नये. दोन्ही नळ्यांचे रंग वेगळे असावेत आणि त्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवाव्यात.

वाहिनीच्या अगदी तोंडाशी आणखी एक झडप बसवण्याचा उपाय अनेक अनुभवी प्रवासी करतात आणि तो उपयुक्त आहे, कारण तिच्यामुळे टोपण काढल्यावरही पाणी अडून राहते व पाइप जोडल्यानंतरच ते सोडता येते. परंतु ही झडप संरक्षण देते, दोष दूर करत नाही. आतली झडप गळत असताना केवळ बाहेरच्या झडपेवर विसंबून राहिल्यास मधली नळी सतत मैल्याने भरलेली राहते, त्यातील घन भाग तळाशी बसतो आणि आज सोपी असलेली दुरुस्ती उद्या अवघड होऊन बसते.

गळतीचे मूळ पुष्कळदा टाकीच्या वापरातच सापडते. कायम मलनिकास जोडणी असलेल्या मुक्कामाच्या तळावर मैलाटाकीची झडप सतत उघडी ठेवण्याची चूक वारंवार होते. तिच्यामुळे द्रव वाहून जातो, घन मैला मागे राहून त्याचा कठीण ढिगारा बनतो आणि त्याचेच कण पुढे पात्याच्या खाचेत अडकतात. यासाठी झडप बंद ठेवावी, रिकाम्या टाकीत तळ झाकेल इतके पाणी आधीच सोडावे, प्रत्येक वापरानंतर भरपूर पाणी ओतावे आणि टाकी निदान दोन-तृतीयांश भरल्यावरच रिकामी करावी, जेणेकरून पाण्याच्या जोरासरशी घन भागही निघून जाईल. कागद लवकर विरघळणाराच असावा. त्याची परीक्षा सोपी आहे, ती म्हणजे पाण्याने भरलेल्या बरणीत त्याचा तुकडा टाकून ती हलवावी आणि त्याचे धागे सुटे होतात की तो अखंड राहतो, हे पाहावे.

धुऊनही गळती थांबली नाही, तर झडप बदलावी. ती सामान्यतः दोन जोडपट्ट्यांच्या मध्ये चार बोल्टांनी आवळलेली असते; टाकी पूर्ण रिकामी करून व धुऊन ती काढता येते आणि नवी बसवताना दोन्ही रबरी सील आपापल्या जागी सपाट बसले आहेत, याची खात्री करावी लागते. पाते सुलभ सरकावे म्हणून सिलिकॉनचे वंगण वापरावे. खनिज तेलाने रबर फुगते व खराब होते.

थंड प्रदेशात या शिल्लक पाण्याचा धोका वेगळेच रूप घेतो. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे नळीत राहिलेले थोडेसे पाणीही झडपेचे पाते चिकटवू शकते किंवा प्लास्टिकची नळी तडकवू शकते. हिवाळ्यात ट्रेलर उभा करून ठेवण्यापूर्वी टाक्या व नळ्या निथळून घ्याव्यात आणि मोरीखालच्या वळणांत, जेथे दुर्गंधी रोखण्यासाठी पाणी साचवून ठेवलेले असते, तसेच झडपांजवळ प्रॉपिलीन ग्लायकॉलयुक्त गोठणरोधक द्रव ओतावा. मोटारीच्या इंजिनात वापरला जाणारा एथिलीन ग्लायकॉलयुक्त द्रव विषारी असल्याने येथे पूर्णतः वर्ज्य समजावा.

इतकी काळजी घेऊनही पाणी सांडलेच, तर ते क्षुल्लक मानू नये. मैलापाण्यात ई. कोलाय, नोरोव्हायरस आणि कावीळ अ चा विषाणू यांसारखे रोगजंतू असू शकतात; म्हणून मुलांना व पाळीव प्राण्यांना दूर ठेवावे, सांडलेले पाणी निकास तोंडाकडे धुऊन न्यावे आणि हातमोजे काढल्यावरही हात साबणाने धुवावेत. दुर्गंधी घालवण्यासाठी मैलाटाकीत ब्लीच ओतण्याचा मोह टाळावा, कारण मूत्रातील अमोनियाशी त्याचा संयोग होऊन घातक वायू निर्माण होतो. फॉर्माल्डिहाइडयुक्त द्रव्येही वापरू नयेत, कारण मैला कुजवणारे उपयुक्त जिवाणू त्यांनी मरतात व तळावरील सेप्टिक टाकीचे काम बिघडते.

अखेरीस हा प्रश्न एका ट्रेलरपुरता राहत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत वाहनातील सांडपाणी नेमून दिलेल्या सोयीखेरीज अन्यत्र सोडण्यास मनाई आहे, आणि यलोस्टोनसारख्या विस्तीर्ण उद्यानातही फिशिंग ब्रिज येथील तळ वगळता कोणत्याही तळावर ट्रेलरला थेट मलनिकास जोडणी मिळत नाही. त्यामुळे टाकी, झडप आणि टोपण यांवरच तेथील माती व पाण्याचे रक्षण अवलंबून असते. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले आहे. सह्याद्रीच्या घाटांत व कोकणच्या किनाऱ्यावर अशी वाहने वाढतील, तेव्हा त्यांच्यासाठी मलनिकासाची तोंडे आधी बांधली जावीत आणि मुक्कामाच्या जागा त्यानंतर, असा आग्रह पर्यटकांनी व स्थानिक संस्थांनी आतापासूनच धरावा. ट्रेलर स्वतःचा असो वा भाड्याचा, तो ताब्यात घेताना झडपा चालवून पाहाव्यात, परत देताना नळी निथळून द्यावी आणि आपण मागे ठेवलेले पाणी दुसऱ्या कोणाच्या तरी हातावर सांडणार आहे, याचे भान प्रत्येक वेळी टोपण लावताना राखावे.