सुट्टीची पाळी आणि पॉइंटांचा हिशेब

निपाणी-चिकोडी भागात सामाईक विहीर ही नवलाईची गोष्ट नव्हे. एका विहिरीत चार भावांचे चार-चार आणे हिस्से असतात आणि पाण्याची पाळी ठरलेली असते. आठ दिवसांची फेरी, प्रत्येकाला दोन दिवस. विहीर सर्वांची, पण पाणी ज्याचे त्याच्या पाळीला. पर्यटनाच्या धंद्यात 'टाइमशेअर' या नावाने जो व्यवहार रूढ झाला आहे, त्याचे मूळ तत्त्व हेच होय. थंड हवेच्या ठिकाणी किंवा समुद्रकाठी बांधलेली एक खोली पन्नासएक कुटुंबांना विकायची आणि प्रत्येकाला वर्षातला एक आठवडा नेमून द्यायचा, एवढीच त्यातली मूळ कल्पना.

ही कल्पना युरोपातली. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली 'हापीमाग' ही संस्था निघाली आणि १९६७ च्या सुमारास फ्रान्समधील आल्प्स पर्वतात असा प्रयोग झाला. पुढे अमेरिकेत १९७४ साली 'आर.सी.आय.' ही अदलाबदल करून देणारी कंपनी स्थापन झाली. एकाचा आठवडा दुसऱ्याला व दुसऱ्याचा पहिल्याला देण्याची सोय तिने केली. आपल्या देशात चेन्नईची 'स्टर्लिंग' १९८६ मध्ये आणि 'क्लब महिंद्र' १९९६ मध्ये या धंद्यात उतरली. क्लब महिंद्रने वर्षाचे जांभळा, लाल, पांढरा आणि निळा असे चार रंगांचे हंगाम पाडले. ज्याने महाग रंग घेतला त्याला गर्दीच्या दिवसांतही जागा मिळावी आणि ज्याने निळा घेतला त्याने पावसाळ्यासारख्या मंदीच्या दिवसांत जावे, अशी ती योजना. इथवर समजायला कठीण काही नाही. पाळी ठरलेली आहे. फार तर वार बदलला आहे.

खरी गुंतागुंत पॉइंट आले तेव्हा सुरू झाली. विहिरीचाच दाखला पुढे नेऊ. समजा, चौघा भावांनी ठरवले की वारांची पाळी मोडायची आणि त्याऐवजी दर वर्षी प्रत्येकाला शंभर चिठ्ठ्या वाटायच्या. ज्याला जेव्हा पाणी हवे त्याने चिठ्ठ्या देऊन घ्यावे. मात्र वैशाखातल्या एका तासाला तीन चिठ्ठ्या आणि भाद्रपदातल्या तासाला अर्धी. या पद्धतीत सोय नक्कीच आहे. ज्याचे पीक लवकर येते त्याला लवकर पाणी घेता येईल, आणि ज्याला एका वर्षी गरज नाही तो चिठ्ठ्या पुढच्या वर्षाला ठेवील. पण लगेच दोन प्रश्न उभे राहतात. कोणत्या महिन्याला किती चिठ्ठ्या हे कोण ठरवणार? आणि एकंदर किती चिठ्ठ्या छापल्या गेल्या हे कोण मोजणार? विहिरीवर भाऊबंद कट्ट्यावर बसून भांडतील आणि ठरवतील. सुट्टीच्या पॉइंटांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी कंपनीच्या हाती असतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सभासदाला दर वर्षी ७,००० पॉइंट मिळतात. एका खोलीच्या लहान निवासाला पावसाळ्यात आडवारी ५०० पॉइंट, शनिवार-रविवारी ७००, दिवाळीत व नाताळात १,४०० असा तक्ता आहे. दोन खोल्यांच्या निवासाला दिवाळीत २,३०० लागतात. आता हेच ७,००० पॉइंट जुलै महिन्यात चौदा रात्री देतात, दिवाळीत पाच रात्री देतात, आणि कुटुंबात आजी-आजोबा असल्यामुळे दोन खोल्या घ्याव्या लागल्या तर जेमतेम तीन. विक्रेता आपल्यासमोर चौदाचा आकडा ठेवतो. तो खोटे बोलत नाही. पण आपल्या भागातील बहुतेक कुटुंबांना घर सोडता येते ते शाळेच्या सुट्टीतच, म्हणजे मे महिन्यात किंवा दिवाळीत. आणि जुलैच्या आडवारी चोर्ला घाट उतरून गोव्यात गेले तर साधी हॉटेलेही उतरत्या दरात मिळतात, त्यासाठी पंचवीस वर्षांचा करार कशाला हवा? निवृत्त झालेले जोडपे, ज्यांना मुलांच्या शाळेचे बंधन नाही, त्यांना ही पद्धत इतरांपेक्षा अधिक मानवते, हे मात्र मान्य केले पाहिजे.

पॉइंट शिल्लक राहिले तर पुढच्या वर्षात ओढता येतात, पुढच्या वर्षाचे आधीच उचलताही येतात. त्याला मुदती असतात आणि मुदत टळली की पॉइंट वाया जातात. हे कलम करारात कोठे आहे ते पाहून ठेवावे. आरक्षण किती महिने आधी खुले होते आणि सर्वांना एकाच दिवशी खुले होते की जास्त पॉइंटवाल्यांना आधी, हेही पाहावे. पॉइंट हाती असणे आणि खोली मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तक्ता बदलण्याच्या अधिकाराविषयी अमेरिकेतील एक व्यवस्था सांगण्यासारखी आहे. डिस्ने कंपनीने १९९१ साली पॉइंटांवर चालणारा आपला क्लब काढला. तेथे एखाद्या निवासाचे वर्षभराचे एकूण पॉइंट एकदा जाहीर झाले की वाढवता येत नाहीत. डिसेंबरातील रात्र महाग करायची तर दुसऱ्या कोणत्या तरी रात्री तेवढ्याच स्वस्त कराव्या लागतात. आपल्यापुढे ठेवलेल्या करारात असे बंधन आहे का, हे विचारावे. नसेल तर १,४०० ची रात्र उद्या १,७५० ची होऊ शकते आणि पाच रात्रींच्या चार होतात. सभासदाचे पॉइंट ७,००० चे ७,०००च राहतात, त्यामुळे नुकसान चटकन दिसत नाही. रुपयाच्या बाबतीत याला आपण महागाई म्हणतो.

आता पैशाकडे वळू. सभासदत्वाची किंमत पाच लाख, मुदत २५ वर्षे आणि पहिल्या वर्षीची देखभाल-वर्गणी २०,००० रुपये धरू. विक्रेता पाच लाखांना १७५ रात्रींनी भागतो आणि रात्र २,८५७ रुपयांना पडली असे सांगतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने येथे थांबले पाहिजे. हेच पाच लाख ७ टक्के व्याजाने ठेवले असते तर मुद्दल व व्याज मिळून २५ वर्षे दरसाल सुमारे ४२,९०० रुपये उचलता आले असते. त्यात वर्गणी मिळवली की पहिल्या वर्षाचा खरा खर्च ६२,९०० होतो. सात रात्री राहिल्यास रात्र सुमारे ९,००० रुपयांना पडली. वर सांगितलेल्या तीन रात्रीच मिळाल्या तर जवळजवळ २१,००० रुपयांना. पावसाळ्यातल्या चौदा रात्री धरल्या तर ४,५०० च्या आसपास. वस्तू व सेवा कर, जेवण आणि प्रवास यांत धरलेले नाहीत.

हॉटेलांचे दर दरसाल वाढतात आणि आपण मात्र आजच्या भावाने पुढली पंचवीस वर्षे विकत घेता, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो मूळ किमतीपुरता खरा आहे. वर्गणीला तो लागू पडत नाही, कारण वर्गणी वाढत असते. २०,००० ची वर्गणी दरसाल ८ टक्क्यांनी वाढली तर नऊ वर्षांत दुप्पट होते, पंचविसाव्या वर्षी ती १,२६,८०० च्या घरात जाते, आणि सर्व वर्षांची बेरीज १४ लाख ६२ हजारांवर पोचते. म्हणजे किमतीच्या जवळजवळ तिप्पट. सहलीला न गेलेल्या वर्षीही ती भरावी लागते का, आणि वाढीला करारात कमाल मर्यादा आहे का, हे दोन प्रश्न सही करण्याआधी लेखी विचारावेत.

'मालकी' हा शब्द या व्यवहारात फार सैल वापरला जातो. विहिरीतला चार आण्यांचा हिस्सा उताऱ्यावर नोंदलेला असतो. तो विकता येतो, तारण ठेवता येतो, मुलांना वारशाने जातो. आपल्याकडील बहुतेक योजनांत सभासदाला मिळतो तो केवळ ठराविक मुदतीचा उपभोगाचा हक्क. खरेदीखत होत नाही, जमिनीच्या दप्तरात नाव लागत नाही. पंचवीस वर्षे संपली की हक्क संपला. मधेच विकावासा वाटला तर गिऱ्हाईक शोधणे कठीण, आणि नाव बदलायला कंपनीची परवानगी व शुल्क लागण्याचा संभव. ज्यांनी गुंतवणूक म्हणून हा व्यवहार करण्याचे मनात आणले असेल त्यांनी पॅनकार्ड क्लब्सचे प्रकरण अवश्य अभ्यासावे.

मुंबईच्या या कंपनीने 'हॉटेलच्या रात्री' विकल्या. महाराष्ट्रात आणि गोव्यात तिचे एजंट शिक्षक, कारकून, छोटे दुकानदार यांच्या घरापर्यंत पोचले होते. रात्री वापरल्या नाहीत तर मुदतीअखेर त्यांच्या अंदाजे मूल्याइतकी रक्कम मिळेल, अशी योजना होती. साहजिकच पुष्कळांनी खोलीचा विचार केला नाही; बँकेतल्या ठेवीपेक्षा बरे, एवढाच विचार केला. 'सेबी'ने २९ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्णय दिला की ही सुट्टीची विक्री नसून परवान्याशिवाय चालवलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे. ५१ लाखांहून अधिक लोकांकडून ७,०३५ कोटी रुपये गोळा झाले होते आणि ते परत करण्याचा आदेश निघाला. कंपनीचे अपील रोखे अपील न्यायाधिकरणाने मे २०१७ मध्ये फेटाळले. पैसे परत करण्याचा आदेश होणे आणि पैसे हातात पडणे यांत किती अंतर असते, हे त्या ठेवीदारांना विचारावे.

यातून ओळखण्याची खूण मिळते. सेबी कायद्याच्या ११ अअ कलमान्वये लोकांचे पैसे एकत्र करणे, नफ्याच्या किंवा उत्पन्नाच्या आशेने ते भरले जाणे, व्यवस्थापन दुसऱ्याने करणे आणि रोजच्या कारभारात भरणाऱ्याचा हात नसणे, ही लक्षणे जुळली की व्यवहार गुंतवणूक ठरू शकतो, त्याला नाव कोणतेही द्या. सुट्टी विकणारा 'सुट्टीच घ्या' म्हणत असेल तोवर तो आपला धंदा करतो आहे. 'नाही वापरली तरी पैसे वाढतील' म्हणू लागला की कागद खाली ठेवावा.

विक्रीच्या सभांविषयी थोडेसे. मोफत भेटवस्तूचा फोन येतो, पती-पत्नी दोघांनी यावे असा आग्रह असतो, आणि आजच सही केली तरच सवलत असे सांगण्यात येते. तोंडी दिलेले वचन करारात नसेल तर ते नाहीच असे समजावे. करार बहुधा इंग्रजीत असतो; ज्यांचे शिक्षण मराठीत किंवा कन्नडात झाले त्यांनी तो घरी नेऊन जाणत्याकडून वाचून घ्यावा. युरोपात २००८ च्या निर्देशानुसार ग्राहकाला १४ दिवसांत कारण न देता माघार घेता येते. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही, तेव्हा माघारीची मुदत करारात लिहिली असेल तेवढीच.

तक्रारीची वाट मात्र पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनी मुंबईची असो वा चेन्नईची, निपाणीच्या माणसाला बेळगावात दाद मागता येते. करारात 'वाद मुंबईच्या न्यायालयातच' असे लिहिले असले तरी त्यामुळे घाबरून जाऊ नये. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत केली पाहिजे. तिला जोडण्यासाठी सहीचा करार, भरलेल्या पैशांच्या पावत्या, खरेदीच्या दिवशीचा पॉइंटांचा तक्ता आणि आरक्षण नाकारल्याचे प्रत्येक पत्र जपून ठेवावे.