किट सगळ्यात मागच्या गाडीवर

पावसात सातपुड्यात गाड्या घेऊन निघणाऱ्यांनी हे वाचावंच, आणि आमच्या ग्रुपातल्यांनी तर नक्की वाचावं. आमच्या तामियाच्या सहलीबद्दल पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत जी गोष्ट फिरते आहे, ती फक्त मला मागे सोडून पुढे गेलेल्यांच्या बाजूची आहे.

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमारीची जत्रा, मग कोणालाच सवड नसते. म्हणून पोळ्याआधीच तामियाची सहल ठरली. आम्ही पांढुर्ण्याहून निघालो, सौंसरला बाकीचे येऊन मिळाले. झड लागलेलीच होती. तिथे चहा पिताना मी सांगितलं होतं की पंक्चरचं किट आणि पंप सगळ्यात मागच्या गाडीवर राहू द्या. वर्गणी काढून घेतलेलं सामान, त्यात माझेही पैसे. ग्रुपचा पुढारी म्हणाला, "तुले लय भेव लागते बे," आणि किटची लाल बॅग स्वतःच्या टाकीवर बांधून घेतली. मी मागे राहिलो, कारण मागे कोणालाच राहायचं नव्हतं.

रामाकोना सुटलं, सिल्लेवानीची घाटी लागली आणि एका वळणावर माझी गाडी मागून डुलायला लागली. टायरमध्ये खिळा. टायर ट्यूबलेस, म्हणजे पट्टी खोचून हवा भरली की काम भागलं असतं. हॉर्न दाबून ठेवला, दिवे दाखवले. पुढचा लाल दिवा वळणाआड गेला तो गेलाच.

वळणावर थांबणं म्हणजे ट्रकखाली जाणं. म्हणून सपाट टायरवर गाडी ढकलत सरळ रस्त्यापर्यंत नेली. डोंगरातलं गढूळ पाणी रस्ता ओलांडून वाहत होतं, मोबाइलला नेटवर्क नाही. आत्ता येतील, चहाला थांबले असतील, असं मी मनात त्यांचीच बाजू घेत उभा होतो. शेवटी छिंदवाड्याकडून रिकामी येणारी एक पिकअप थांबली. संत्र्याच्या बगीच्यावर काम करणारे तिघे होते त्यात. त्यांनी न विचारता गाडी वर चढवली आणि रामाकोन्याला पंक्चरवाल्यासमोर उतरवली. पैसे घेतले नाहीत.

तिथे नेटवर्क आलं आणि मोबाइल वाजू लागला. मला वाटलं, मला शोधत असतील. ग्रुपवर तामियाचे फोटो येत होते. ढग, दरी, भुट्टे, सगळे खांद्यावर हात टाकून. आणि एका फोटोत, अगदी समोर, गाडीच्या टाकीवर ती लाल बॅग. खालपर्यंत बघितलं. "कुठे आहेस" असा एकही मेसेज नव्हता. उमरानाला गाव गेलं, छिंदवाड्यासारखं शहर गेलं, आणि एवढ्या वाटेत गाड्या किती आहेत हे कोणी मोजलं नव्हतं. पंक्चरनं मी चिडलो नव्हतो, खिळा कोणाच्याही नशिबी येतो. चिडलो ते इथे. संध्याकाळी फोनवर ऐकायला मिळालं, "आमाले वाटलं तू मागं फिरला असशील." आता सांगतात की मी रुसून परत गेलो!

तर, किट मागच्याच गाडीवर. पुढच्याला मागचा मदत करू शकतो, उलट होत नाही. कोणाच्या टायरमध्ये ट्यूब आहे तेही आधी विचारा. ट्यूबच्या टायरला पट्टीचा उपयोग नाही, चाक खोलायचा पाना आणि नवी ट्यूब लागते. प्रत्येकाने आपल्या मागच्याचा हेडलाइट आरशात ठेवायचा. दिसेनासा झाला की हळू व्हायचं, तरी दिसला नाही तर गाडी वळवायची. फोन लावून बघू म्हणू नका, घाटीत तो लागत नाही. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत फाट्यावर थांबायचं. नेटवर्क असेल आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 ही हेल्पलाइन लावा.

नाल्यावरच्या रपट्यावरून पाणी चाललं असेल तर गाडी घालू नका, गावातला माणूस गेला तरी नाही. त्याला खालचा खड्डा माहीत असतो, आपल्याला नसतो. डोंगरी नाला चढतो तसा उतरतोही, थांबा. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि पुलाच्या जोडाची लोखंडी पट्टी ओली असताना त्यावर ब्रेक दाबू नका. बाकी हेल्मेट घाला, मोबाइल पन्नीत ठेवा, झोप पुरी करून निघा, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि सोबती बघून घ्या. गाडी कोण जोरात पळवतो हे बघू नका, चहाच्या टपरीवर शेवटचा माणूस येईपर्यंत कोण थांबतो ते बघा. आमच्या ग्रुपात आता दिवाळीनंतर पचमढीचं चाललं आहे, मलाही विचारलं. मी नाही म्हटलं, आणि किटच्या वर्गणीतले माझे पैसे परत मागितले आहेत.