ट्रॅक्टरची ट्रॉली : निवड, जोडणी आणि सुरक्षित वाहतूक



पेरणीपूर्वी शेणखत शेतात नेण्यापासून ते सुगीनंतर माल बाजार समितीत पोहोचवण्यापर्यंत शेतीतील कितीतरी कामे ट्रॉलीवर अवलंबून असतात. ट्रॅक्टर घेताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. अश्वशक्ती, डिझेलचा खर्च, सुटे भाग, दुरुस्तीची सोय या सर्वांचा विचार करतो. ट्रॉली मात्र जवळच्या वर्कशॉपमध्ये पत्र्याची जाडी आणि रंग पाहून ठरवली जाते. तिचे हुक, धुरा, टायर व ब्रेक यांकडे फारसे लक्ष जात नाही.

मी कृषिविद्या शिकवतो. यंत्रे हा माझा मूळ विषय नव्हे. तरीही हा लेख लिहिण्याचे कारण घरचेच आहे. २०१६ च्या सुगीत आमच्या शेतातून सोयाबीनची पोती घेऊन चार चाकी ट्रॉली निघाली होती. आई आणि मजुरीला आलेल्या दोघी जणी पोत्यांवर बसल्या होत्या. ओढा ओलांडल्यावर आईला पाण्याची कळशी शेतातच राहिल्याचे आठवले आणि तिघीही खाली उतरल्या. पुढे चढावर हुकाची पिन तुटली. ती पिन नव्हतीच. मूळ पिन हरवल्यामुळे एक साधा बोल्ट घातलेला होता आणि तो मीच घातला होता. सुटलेली ट्रॉली मागे घरंगळत जाऊन ओढ्यात उलटली. पोती भिजली, फाळका वाकला. पोत्यांखाली कोणी सापडले नाही, हे केवळ त्या कळशीमुळे. त्या दिवसापासून ट्रॉलीकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

भार ओढणे आणि भार थांबवणे

“आमचा ट्रॅक्टर पाच टन सहज ओढतो,” असे आपण अभिमानाने सांगतो. ते खरेही असते. परंतु खालच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर जेवढा भार ओढू शकतो, तेवढा तो थांबवू शकेलच असे नाही. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात आणि बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. म्हणजे सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन टायरांनी थांबवायचा असतो.

एक साधा हिशेब पाहू. ट्रॅक्टरचे वजन २ टन, भरलेल्या चार चाकी ट्रॉलीचे एकूण वजन ५ टन, रस्ता कोरडा व सपाट आणि वेग ताशी २० किलोमीटर धरू. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी साडेपाच मीटर पुढे जाते. त्यानंतर नुसता ट्रॅक्टर असेल तर तो साधारण साडेचार मीटरमध्ये थांबतो, म्हणजे एकूण १० मीटर. मागे बिनब्रेकची ट्रॉली असेल तर हेच अंतर सुमारे २१ मीटर होते. वेग ताशी ३० केला तर ते ४० मीटरच्या वर जाते.

आता उतार घ्या. वीस फुटांत एक फूट उतार असेल, तर ताशी २० च्या वेगाने जाणारी तीच गाडी थांबायला सुमारे ३५ मीटर लागतात. दहा फुटांत एक फूट उतार असेल, तर भार खाली ढकलणारे बल आणि ब्रेकचे बल जवळजवळ सारखे होते. अशी गाडी ब्रेक पूर्ण दाबूनही थांबत नाही. रस्ता ओला किंवा चिखलाचा असल्यास परिस्थिती याहून वाईट असते. म्हणून ट्रॉली निवडताना आणि भरताना पहिला प्रश्न “ट्रॅक्टर किती ओढेल?” हा नसून “माझ्या रस्त्यावर ट्रॅक्टर किती थांबवेल?” हा असावा.

ट्रॉलीची निवड

१) ब्रेक नसलेल्या ट्रॉलीचे भारासह एकूण वजन ट्रॅक्टरच्या वजनापेक्षा जास्त होऊ देऊ नये, हा सुरक्षित नियम समजावा. त्याहून जास्त भार नेहमी न्यायचा असल्यास ट्रॅक्टरच्या चालकाला बसल्या जागेवरून लावता येतील असे ब्रेक असलेली ट्रॉलीच घ्यावी. ट्रॅक्टरसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत ओढण्याच्या वजनाची मर्यादा दिलेली असते, ती ओलांडू नये.

२) दोन चाकी ट्रॉली वळवायला व मागे घ्यायला सोपी असते. तिच्या भाराचा काही भाग ट्रॅक्टरच्या हुकावर येतो, त्यामुळे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड वाढते. अरुंद पाणंद, लहान बांध व हलका ट्रॅक्टर असेल तेथे ती सोयीची. चार चाकी ट्रॉली स्वतःचा भार स्वतः पेलते, लांबच्या डांबरी रस्त्याला बरी पडते; मात्र ती मागे घेण्यास सराव लागतो.

३) धुरा, पाटे, बेअरिंग, चेसिसचे जोड आणि ओढण्याची दांडी बारकाईने पाहावी. दांडी व हुकाजवळच्या वेल्डिंगला तडा किंवा पोकळी नसावी. जुनी ट्रॉली घेताना याच जागी रंगाचा ताजा थर दिसला तर तो खरवडून पाहावा.

४) पूर्ण झिजलेले, फुगलेले किंवा वेगवेगळ्या मापाचे टायर असलेली ट्रॉली स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

५) मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रॉलीचीही नोंदणी करावी लागते. नोंदणी व विम्याची कागदपत्रे ट्रॉलीच्या नावे आहेत याची खात्री करून घ्यावी.

एक ब्रास म्हणजे किती वजन?

१० फूट लांब, ५ फूट रुंद आणि २ फूट उंच फाळक्यांची ट्रॉली काठोकाठ भरली की १०० घनफूट, म्हणजेच एक ब्रास माल बसतो. परंतु मालानुसार वजन बदलते. सोयाबीन किंवा गहू भरल्यास ते सुमारे २ ते सव्वादोन टन होते. शेणखत ओलाव्यानुसार दीड ते अडीच टन भरते. कोरडी वाळू मात्र साडेचार टनांच्या आसपास जाते आणि ओला मुरूमही त्याच घरात असतो. ट्रॉली तीच, भरलेली उंची तीच, पण वजन दुप्पट. म्हणून “नेहमीसारखी भरली” हा हिशेब चुकीचा आहे. वाळू, माती व मुरूम यांसाठी फाळक्याच्या आतून निम्म्या उंचीवर रंगाची रेघ ओढून ठेवावी आणि त्यावर भरू नये.

जोडणी

१) ट्रॉली नेहमी कंपनीने दिलेल्या हुकालाच जोडावी. हा हुक ट्रॅक्टरच्या मागच्या धुऱ्यापेक्षा खाली असतो. त्याला कारण आहे. धुऱ्याच्या वरून, उदाहरणार्थ टॉप लिंकच्या जागेवरून भार ओढला तर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. उडी मारण्यास एक-दोन सेकंदही मिळत नाहीत. चिखलात रुतलेली ट्रॉली काढताना साखळी वर बांधण्याची चूक हमखास होते. ती टाळावी. आधी माल उतरवावा, चाकापुढचा चिखल काढावा आणि मगच ओढावे.

२) पिन योग्य जाडीची, कठीण पोलादाची असावी आणि तिला खालून चाप असावा. बोल्ट, सळई किंवा पहारीचा तुकडा पिन म्हणून वापरू नये. एक जादा पिन व चाप ट्रॅक्टरच्या हत्यारपेटीत ठेवावा.

३) पिनेशिवाय एक मजबूत सुरक्षा साखळी दांडीपासून ट्रॅक्टरच्या चेसिसला बांधावी. वळणापुरती ढिली ठेवावी, पण जमिनीला घासू देऊ नये.

४) ट्रॅक्टर मागे घेताना ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्या मध्ये कोणीही उभे राहू नये. दांडी हातावर धरून छिद्राला छिद्र जुळवण्याऐवजी दांडीखाली उभा टेकू किंवा जॅक लावावा. ट्रॅक्टर पूर्ण थांबून ब्रेक लागल्यावरच मदतनिसाने पिन घालण्यास जावे.

भार कसा भरावा?

दोन चाकी ट्रॉलीत भार धुऱ्याच्या किंचित पुढे यावा. एकूण भाराचा साधारण दहावा भाग हुकावर आला की गाडी स्थिर चालते. सगळा भार मागे गेला तर दांडी ट्रॅक्टरचा मागचा भाग उचलू पाहते, चाकांची पकड सुटते आणि ट्रॉली रस्त्यावर झोके घेते. भार फार पुढे आला तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग नीट लागत नाही. दोन चाकी ट्रॉली भरताना व रिकामी करताना ती ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवावी. सुटी ट्रॉली पुढून रिकामी केली तर ती पाठीवर पडते.

कडबा, ऊस किंवा कापूस यांचा भार उंच होतो. वळणावर उंच भार लवकर कलंडतो, म्हणून दोन्ही बाजूंनी दोर आवळून बांधावा. हायड्रॉलिक ट्रॉली उचलण्यापूर्वी वर वीजवाहक तारा नाहीत हे पाहावे आणि जमीन सपाट असावी.

चढ-उतार व रस्त्यावर

१) रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही ब्रेक पेडल कडीने एकत्र जोडावेत. शेतात वळण्यासाठी सोडलेली कडी तशीच राहिली, तर रस्त्यावर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर आडवा होतो.

२) उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. उतारावर गिअर बदलू नये, क्लच दाबू नये आणि डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल तर कधीच करू नये. मागचा भार ढकलू लागला की ट्रॅक्टर आणि ट्रॉली कात्रीसारखी दुमडतात.

३) नेहमीच्या वाटेवर तीव्र उतार असेल तर अर्धी ट्रॉली भरून दोन खेपा कराव्यात.

४) बिनब्रेकच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडू नयेत.

५) मोठ्या आवाजात टेप लावून ट्रॅक्टर चालवू नये. मागून येणाऱ्या वाहनाचा भोंगा ऐकू आला पाहिजे.

रात्रीची वाहतूक

गाळप हंगामात पहाटे व रात्री दुचाकीस्वार उभ्या किंवा हळू चालणाऱ्या ट्रॉलीवर मागून आदळतात. त्यांना ट्रॉली दिसतच नाही. मागे लाल, पुढे पांढरे व बाजूंना पिवळे रिफ्लेक्टर लावावेत. मागचा दिवा चालू ठेवावा. उसाची वाढे खाली लोंबून दिवा व रिफ्लेक्टर झाकत असतील तर ती छाटावीत. ट्रॉली बंद पडली तर ती रस्त्याच्या कडेला घ्यावी, चाकांना लाकडी ठोकळे लावावेत आणि मागे बऱ्याच अंतरावर खूण ठेवावी. खूण म्हणून मोठे दगड ठेवले असतील तर निघताना ते न विसरता उचलावेत.

ट्रॉलीत माणसे नकोत

ट्रॉली मालासाठी आहे. मजूर, लग्नाचे वऱ्हाड किंवा यात्रेकरू यांची तिच्यातून ने-आण करणे बेकायदेशीर तर आहेच. अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. मडगार्डवर किंवा ट्रॉलीच्या दांडीवर बसलेला माणूस एका गचक्यात चाकाखाली जातो. मजुरांना आणण्यासाठी प्रवासी वाहनाचे भाडे द्यावे लागले तरी तो खर्च मशागतीच्या खर्चात धरावा.

निघण्यापूर्वीची तपासणी

पिन व चाप, सुरक्षा साखळी, चाकांचे नट, टायरमधील हवा, फाळक्याच्या कड्या, ब्रेक पेडलची कडी, मागचा दिवा व रिफ्लेक्टर या आठ गोष्टी प्रत्येक खेपेपूर्वी पाहाव्यात. याला पाच मिनिटेही लागत नाहीत. नवीन ट्रॉलीच्या चाकांचे नट पहिल्या भरलेल्या खेपेनंतर पुन्हा आवळावेत. हंगाम सुरू होण्यापूर्वी बेअरिंग उघडून स्वच्छ करावेत व नवीन ग्रीस भरावे.

आमच्या घरी ही यादी आता ट्रॅक्टरच्या शेडमध्ये भिंतीवर रंगवलेली आहे. चालक कोणीही असो, आई पिन आणि चाप स्वतः पाहते, मगच ट्रॉली अंगणाबाहेर पडते. आपणही आजच आपल्या ट्रॉलीची पिन काढून पाहा. तिच्या जागी बोल्ट असेल, तर पुढची खेप करण्यापूर्वी तो बदला.